जॉनी मेम्फिसचं खरं नाव

ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या डीमन गावातल्या त्या वृद्धाश्रमाच्या खिडकीबाहेर मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा पाऊस पडत होता, आणि तोही आडवा. इथला पाऊस असाच. छत्री डोक्यावर धरावी तर पोट भिजतं, पोटाशी धरावी तर डोकं.

एप्रिल २०२०ची गोष्ट. महिनाभरापूर्वी देशातल्या सगळ्या वृद्धाश्रमांची दारं पाहुण्यांना बंद झाली होती. मुलं-नातवंडं बाहेर खुर्ची टाकून बसायची, काचेला हात लावायची, फोनवर बोलायची. मी कुणाचीच नात नव्हते. ॲमस्टरडॅमच्या एका छोट्या संग्रहालयात मी कंत्राटावर होते, आणि माझ्याकडे काम होतं एका हरवलेल्या वस्तीचा नकाशा करण्याचं. स्टेशनजवळची झेडाइक नावाची गल्ली आणि तिच्या आसपासचे बोळ. १९३०च्या दशकात तिथे सुरिनाम या दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीतून आलेले काळे वादक जॅझ वाजवायचे, आणि सगळं शहर ते ऐकायला यायचं. त्या दिवसांतलं जिवंत माणूस आता जवळजवळ उरलं नव्हतं. उरल्या होत्या रीनी दे ब्रौन. वय अठ्ठ्याण्णव.

आजींना कमी ऐकू यायचं, आणि समोर चेहरा असल्याशिवाय बोलायचंच नाही हा त्यांचा हट्ट. म्हणून मी माझ्या गावाहून, हार्लेमहून, ट्रेनने येऊन पावसात उभी होते. आत आजी खुर्चीत, आणि त्यांच्या कानाशी फोन धरून एक मास्कवाला तरुण. छातीवर बिल्ला — सॅम. सावळा रंग, काळेभोर केस. सुरिनामी हिंदुस्तानी असणार, तिथे मजुरीला नेलेल्या भारतीयांच्या वंशातला, मी मनात नोंद करून टाकली. इथे आपल्यासारखा दिसणारा आणि सॅम नावाचा माणूस दुसरा कोण असणार?

मी डचमध्ये विचारत होते आणि आजी नुसतंच “काय? काय?” करत होत्या. शेवटी वैतागून मी स्वतःशीच पुटपुटले, “डोळे बरे आहेत मेल्याचे, पण फोन धरायची अक्कल नाही.”

फोनमधून शांतपणे उत्तर आलं, “उलटा धरलाय का? थांबा, सुलटा करतो.”

स्वच्छ मराठी. मिरजेकडचा किंचित हेल असलेली.

मी छत्री तोंडासमोर घेतली. पाऊस तसाही आडवाच होता.

“आणि डोळ्यांबद्दल आभारी आहे,” तो म्हणाला.

“तुम्ही... सॅम?”

“श्रीनिवास. पहिल्याच आठवड्यात इथल्या सगळ्यांची जीभ घसरली, म्हणून सॅम. शिकलोय फिजिओथेरपी. डिग्रीचे कागद मंजूर होईपर्यंत फोन धरतो — उलटा.”

“मी सुनेत्रा.”

“अरे वा,” तो म्हणाला, “म्हणजे डोळ्यांचं परीक्षण योग्य माणसाकडून झालं.”

आजी आळीपाळीने आमच्याकडे बघत होत्या. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, तरी सगळं कळलं असावं. त्यांनी काचेवर बोटाने टकटक केलं आणि डचमध्ये म्हणाल्या, “मुली, तुझं झालं असेल तर माझं सुरू कर.”

मग मी दर गुरुवारी जाऊ लागले. आजी सांगायच्या आणि मी लिहून घ्यायचे. वडील सुरिनामचे, बोटीवर भट्टीत कोळसा टाकणारे. आई ॲमस्टरडॅमची गोरी धोबीण. सोळाव्या वर्षी रीनी ‘कोलिब्री’ नावाच्या क्लबात कोट सांभाळायला लागली. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला तिची खिडकी. गिऱ्हाइकाने कोट द्यायचा, हिने पितळी बिल्ला द्यायचा. आत धूर, घाम, ट्रम्पेट, आणि गोऱ्या मुली काळ्या वादकांबरोबर नाचतात म्हणून दर आठवड्याला पोलिसांकडे जाणाऱ्या तक्रारी.

“तू हार्लेमची?” आजींनी एकदा विचारलं. “न्यूयॉर्कच्या हार्लेमला तुझ्याच गावाचं नाव दिलंय, माहितीये ना? आम्हाला ओढ त्या दुसऱ्या हार्लेमची. लोकांना अमेरिकन काळा हवा असायचा. आमचा, वसाहतीतला, स्वतःच्या राणीच्या राज्यातला काळा... त्याच्यासाठी कोण तिकीट काढणार?”

म्हणून मालकाने सगळ्यांना अमेरिकन नावं दिली होती. माझ्या नकाशातल्या एका पोस्टरवर होता जॉनी मेम्फिस, ट्रम्पेटवादक, “थेट अमेरिकेहून”. तिरकी टोपी, पांढरा कोट. आजींना तो फोटो काचेतून दाखवला तेव्हा त्यांनी आतून काचेवर त्याच्या टोपीभोवती बोट फिरवलं.

“हा अमेरिकेला कधी गेलाच नाही,” शेवटी त्या म्हणाल्या. “इंग्रजी शिकला रेकॉर्डच्या पाकिटांवरून. एकदा खराखुरा अमेरिकन खलाशी आला आणि विचारतो कसा, मेम्फिसमध्ये कुठल्या गल्लीत राहायचास? सगळे गारठले. हा म्हणाला, ज्या गल्लीत ट्रम्पेट वाजतं त्या. खलाशी हसला. उलट त्यानेच ह्याला बिअर पाजली आणि कुणाकडे बोलला नाही. भला माणूस.”

“त्यांचं खरं नाव काय होतं?”

आजींनी तोंड मिटलं. श्रीनिवासने फोन त्यांच्या कानाजवळ आणखी सरकवला. त्यांनी तो हाताने दूर केला.

आजी ते नाव सांगेनात. पुढच्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. खरं नाव फुटलं तर त्याची नोकरी जाईल, म्हणून सोळाव्या वर्षी त्यांनी त्याला शब्द दिला होता. बिचाऱ्या क्लबलाच जाऊन ऐंशी वर्षं झाली होती. लढाई सुरू झाली, जर्मन आले, ते संगीतही बंद झालं. मेम्फिस त्याच्या जरा आधी, १९४०च्या वसंतात, पुन्हा बोटीवर कामाला लागला. जाताना कोट हिच्या खिडकीत टांगून गेला, बिल्लाही न घेता. म्हणाला, सांभाळ, परत येतो. आला नाही.

“लढाई संपल्यावर दोन वर्षं वाट पाहिली. मग लग्न केलं,” आजी म्हणाल्या. “नवरा चांगला होता. पण तो मेम्फिस... त्याला दुसरं बंदर आवडलं असेल. तिथे दुसरी कोट सांभाळणारी भेटली असेल. माणसं जातात, मुली. नाव धरून बसायचं नसतं.”

नाव धरून मात्र त्याच बसल्या होत्या.

माझ्यापुढे वेगळीच अडचण होती. त्या बोळात संग्रहालय एक माहितीफलक लावणार होतं. मजकूर जानेवारीच्या मध्यापर्यंत छपाईला जायचा होता. खरं नाव मिळालं नाही तर त्यावर “जॉनी मेम्फिस, अमेरिकन ट्रम्पेटवादक” एवढंच छापलं जाणार होतं. म्हणजे मालकाचं ते जुनं खोटं मी सरकारी शिक्क्यानिशी पुन्हा भिंतीवर ठोकणार होते.

मेमध्ये निर्बंध थोडे सैल झाले. एका रविवारी श्रीनिवास म्हणाला, “ती झेडाइक दाखवा ना मला. माझ्या पेशंटचं माहेर आहे ते.”

गल्ली अशी रिकामी मी कधीच पाहिली नव्हती. पर्यटक नाहीत, दारूची दुकानं बंद, भोजनगृहांच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या. एरवी खांद्याला खांदा लागल्याशिवाय जिथे चालता येत नाही, तिथे आम्ही दोघं दीड मीटर अंतर राखून चाललो होतो. त्याने मास्क काढला तेव्हा मी नको तितका वेळ बघत राहिले.

“काय झालं?”

“काही नाही. डोळ्यांवरून मी चेहरा बेतला होता. हनुवटी चुकली.”

“परत करता येणार नाही,” तो म्हणाला. “वापरलेला माल आहे.”

‘कोलिब्री’ होतं त्या दारात आता सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. आम्ही समोरच्या पायरीवर बसलो, अर्थात दोन टोकांना. त्याने डब्यातून थालीपीठ काढलं, एक कागदावर ठेवून माझ्याकडे सरकवलं आणि हात मागे घेतला. त्या वर्षी प्रेम असंच करावं लागायचं — सरकवून.

त्या पायरीवर मी त्याला माझं सांगितलं. सहा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या व्हिसावर मी आले, ते इथली दारं कशी उघडायची हेही माहीत नसताना. तीन वर्षांनी तो म्हणाला की त्याचं मन दुसरीकडे आहे. भांडण नाही, आदळआपट नाही. एका मंगळवारी बॅग घेऊन गेला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. लग्नात तीस माणसांसमोर ठसक्यात उखाणा घेतला होता मी, सगळे वा वा म्हणाले होते. त्यानंतर कुणाचंच नाव असं मनापासून घेतलं नाही.

श्रीनिवासने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, “म्हणून मला सॅम म्हणतेस?”

कधी ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं, तेही कळलं नव्हतं.

“सगळेच म्हणतात.”

“सगळे म्हणतात ते मला चालतं,” तो म्हणाला. “तू म्हणतेस ते चालत नाही.”

मी थालीपीठाचा कागद घडी घालत बसले. सोपं होतं खरं तर. चार अक्षरं. पण नाव घेतलं की माणूस आपला होतो, आणि आपला झाला की एखाद्या मंगळवारी बॅग घेऊन जाऊ शकतो. सॅम गेला तर गेला. सॅम कुणाचाच नव्हता.

ऑक्टोबरात वृद्धाश्रमात आजार शिरला आणि दारं पुन्हा बंद झाली. पहिल्या मजल्यावरचे चार जण गेले. श्रीनिवास दुहेरी पाळ्या करत होता, आणि मी परत खिडकीबाहेर. त्याच्या डोळ्यांखाली मास्कच्या कडेचे वळ उठले होते. बोलणं आता फारसं होत नसे. जाताना तो काचेवर हात ठेवायचा, मी बाहेरून ठेवायचे, आणि आजी आम्हाला अजिबात दिसत नसल्यासारखं भिंतीकडे बघायच्या.

नोव्हेंबरच्या शेवटी मी एक शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, “आजी, आमच्याकडे पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. अहो, इकडून, तिकडून, असंच चालायचं. पण सणासुदीला, चार बायकांत, नाव घ्यावंच लागायचं. मग त्या यमक जुळवून दोन ओळी म्हणायच्या आणि त्यात नाव गुंफायच्या. रीतही मोडायची नाही आणि नावही घेतलं जायचं.”

आजींचे डोळे बारीक झाले. “म्हणजे सिंटरक्लासच्या कवितेसारखं?”

इथे पाच डिसेंबरला, मुलांना भेटी वाटणाऱ्या सिंटरक्लास ह्या संताच्या सणाला, भेटवस्तूंबरोबर यमक जुळवलेली कविता देतात. जे एरवी तोंडावर बोलवत नाही, ते त्या कवितेत सांगायची मुभा असते.

“तसंच,” मी म्हटलं.

“त्या सिंटरक्लासच्या काळं तोंड रंगवलेल्या नोकराशी माझं आयुष्यभर पटलं नाही,” आजी म्हणाल्या. “पण कविता मला जमायच्या.”

पाच डिसेंबरला मी गेले. श्रीनिवासने आजींना खिडकीशी आणलं. त्यांनी लाल शाल घेतली होती, हातात कागद होता. त्यांनी वाचलं, मोठ्याने, फोनला न जुमानता. त्या डच ओळी मी मराठीत आणल्या त्या अशा —

“कोट टांगला माझ्यापाशी, बिल्ला क्रमांक बारा;
मेम्फिस कुठला? एडगर पिनास, पारामारिबोचा वारा.”

एवढं वाचून त्यांनी कागद मांडीवर ठेवला. श्रीनिवासने दुसरीकडे तोंड फिरवलं. मी त्याचं नाव आणि सुरिनामच्या राजधानीचं ते नाव लिहून घेतलं, एकेक अक्षर विचारून. हात गारठला होता.

“झालं,” आजी म्हणाल्या. “आता तुझी पाळी.”

“माझी?”

“ह्या मुलाचं नाव सॅम नाही. त्याने मला सांगितलंय. मला उच्चारता येत नाही. तुला येतं.”

श्रीनिवास माझ्याकडे बघत होता. फोन त्याच्याच हातात होता, माझा श्वाससुद्धा त्याला ऐकू जात असणार. मी तोंड उघडलं... आणि म्हटलं, “माझी ट्रेन आहे.”

ट्रेन दर पंधरा मिनिटांनी असते. हे तिघांनाही माहीत होतं.

नाव हातात आल्यावर पुढचं काम दहा मिनिटांचं निघालं. आम्ही आठ महिने मेम्फिस शोधत होतो, आणि जहाजांवरच्या खलाशांच्या यादीत एडगर पिनास पहिल्याच पानावर होता. कोळसा टाकणारा. जन्म पारामारिबो. बोट नोव्हेंबर १९४२मध्ये अटलांटिकमध्ये बुडाली. वाचलेल्यांत नाव नाही. वय एकोणतीस.

मी संगणकासमोर बसून राहिले. सांगायचं की नाही? अठ्ठ्याण्णव वर्षांच्या बाईला कशाला? मग वाटलं, ऐंशी वर्षं ह्या बाईला कुणी खरं सांगितलं नाही, त्यात आणखी माझी भर कशाला.

गुरुवारी खिडकीशी गेले. माझा चेहरा बघूनच आजींनी ओळखलं.

“सापडला.”

“हो.”

“कुठे?”

“समुद्रात. बेचाळीस साली.”

श्रीनिवास त्यांच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसला. आजींचा चेहरा रडवेला होईल असं मला वाटलं होतं. तो तसा झाला नाही. कपाळावरची एक आठी, जी मला त्यांच्या चेहऱ्याचा भागच वाटायची, ती हळूहळू सुटली.

“म्हणजे तो मला सोडून गेला नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही, आजी.”

“आणि मी नाव घेतलं असतं... कुणाला नुसतं विचारलं असतं, तर पंचेचाळीस सालीच कळलं असतं.”

“हो.”

“मी त्याच्यावर रागावले होते,” आजी म्हणाल्या. “इतकी वर्षं. एवढ्या भल्या माणसावर.”

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना ताप आला. लसीची यादी लागली होती, त्यात त्यांचं नावही होतं. शेवटच्या दुपारी मी बाहेर उभी होते आणि श्रीनिवास आत, डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकमध्ये. त्याने फोन त्यांच्या कानाशी धरला — सुलटा. मी काय बोलले ते नीट आठवत नाही. फलकाचा मजकूर वाचून दाखवला एवढं आठवतं. “एडगर पिनास, जन्म पारामारिबो, ट्रम्पेटवादक.” त्यांनी डोळे मिटूनच मान हलवली. बहुतेक पसंत पडला.

संध्याकाळी त्या गेल्या.

त्यानंतर श्रीनिवास आणि मी तीन महिने भेटलो नाही. त्याचे कागद मंजूर झाले, लायडनला नोकरी लागली. फोन व्हायचे, पण लहान लहान. मी अजूनही “हॅलो, ऐक ना” असंच म्हणत होते. त्याने पुन्हा कधी विचारलं नाही, आणि तेच जास्त लागत होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात फलक लागला. समारंभ नाही, भाषणं नाहीत, माणसं जमवायला बंदी होती. सायकलच्या दुकानाशेजारी, भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीवर. आम्ही दोघं समोरच्या पायरीवर उभे राहिलो. एक बाई सायकल थांबवून उतरली, पूर्ण वाचलं, ओठांतल्या ओठांत “एडगर पिनास” म्हणाली आणि गेली. मला रडू आलं. श्रीनिवासने रुमाल काढला, आणि सवयीने दोघांच्या मधे, पायरीवर ठेवला.

“आजींनी तुझ्यासाठी दिलंय,” तो म्हणाला आणि खिशातून एक पितळी बिल्ला काढला. घासून घासून आकडा पुसट झाला होता. बारा. “म्हणाल्या, ज्याचा कोट सांभाळायचाय त्याला निदान हाक तरी मारत जा, म्हणावं.”

मी बिल्ला मुठीत घेतला. “आज पाहुणे येणारेत का तुझ्याकडे?” मी विचारलं.

“नाही.”

“माझ्याकडे पण नाही.”

त्या दिवसांत घरी दिवसाला एकच पाहुणा बोलवायला परवानगी होती. माझ्या घरी वर्षभरात एकही आला नव्हता.

हार्लेमपर्यंत ट्रेनमध्ये आम्ही समोरासमोर बसलो, मास्क लावून, न बोलता. माझं घर पहिल्या मजल्यावर. मी कुलूप उघडलं, आत गेले, आणि वळून उंबऱ्यातच उभी राहिले. दोन्ही हात चौकटीला.

श्रीनिवास जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबला.

“दार अडवतेस?” तो म्हणाला. “मग नाव घ्यावं लागणार. पण मी तयारी केलेली नाही...”

“तू नाही,” मी म्हटलं. “मी.”

त्याने मास्क खाली केला. हनुवटी अजूनही चुकीचीच होती. मी चौकट आणखी घट्ट धरली. मग मला आजींचा तो कागद आठवला, आणि ती सुटलेली आठी.

“काचेबाहेर मी उभी, काचेआड तुझा श्वास;
दार आता उघडलंय — आत ये, श्रीनिवास.”

वा वा म्हणायला कुणी नव्हतं. खालच्या मजल्यावर कुणाचं तरी कपडे धुण्याचं यंत्र घरघरत होतं. त्याने बाहीने डोळे पुसले.

“परत म्हण,” तो म्हणाला. “नुसतं शेवटचं.”

“श्रीनिवास.”

मी हात खाली घेतले. तो आत आला, त्याने कोट काढला आणि माझ्याकडे दिला. मी तो दाराजवळच्या खुंटीला टांगला आणि बिल्ला त्याच्या हातावर ठेवला.